हाफकिन, प्लेग आणि लशीनंतरचा ताप

दीड महिन्याच्या बाळाला आरोग्य केंद्रात पहिली पेंटाव्हॅलंट लस टोचली, की त्या रात्री बहुधा त्याचे अंग तापते. टोचलेली जागा लालसर होते, बाळ किरकिर करते. या लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू असतात. मेलेला जंतू कोणाला आजारी पाडू शकत नाही, मग ताप कशाने येतो? हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसासमोर रोज उभा राहत होता. प्लेगचे मारलेले जंतू त्याने आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतले, मग हजारोंना टोचले. त्या सगळ्यांना ताप आला आणि त्यातले बहुतेक जण वाचले. वाल्देमार हाफकिन हे त्याचे नाव. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे नाव सर्पदंशाच्या लशीच्या कुपीमुळे माहीत आहे, लहान मुलांच्या आयांना पोलिओच्या डोसामुळे. या नावामागच्या माणसाची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घराणे ज्यू. १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात शिकू लागले. तिथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते इल्या मेचनिकॉफ. गुरू-शिष्याची ही गाठ दोघांच्याही आयुष्यात महत्त्वाची ठरली. त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. हाफकिन स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या गटात सामील झाले, मारामारीत जखमी झाले आणि पकडले गेले. मेचनिकॉफ यांनी खटपट करून त्यांना सोडवले. शिक्षण संपल्यावर त्यांच्यापुढे पेच पडला. धर्म बदलला असता तर विद्यापीठात प्राध्यापकी मिळू शकली असती. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एका दुय्यम जागेवर त्यांनी काही वर्षे काढली.

याच सुमाराला मेचनिकॉफ यांच्या हातून एक मोठा शोध लागला. १८८२ साली नोकरी सोडून ते इटलीतल्या मेसिना या बंदरावर राहत होते. तारामाशाची पिल्ले पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते. मेचनिकॉफ यांनी अशा पिल्लात गुलाबाचा बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता. शरीरात शिरलेली परकी वस्तू या पेशी गिळून टाकतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा पाया इथे घातला गेला. पुढे १९०८ साली मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण एक गोष्ट त्यांना सांगता आली नव्हती. या पेशींना आपले आणि परके कसे ओळखू येते?

१८८८ साली मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. त्याच वर्षी हाफकिन यांनी रशिया सोडला. जिनिव्हात काही काळ शिकवून १८८९ साली तेही पाश्चर संस्थेत पोहोचले. जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. ती त्यांनी घेतली आणि उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करू लागले. विषय निवडला पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. तेव्हा युरोपात पटकीची साथ होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि ते बरे झाले. पण युरोपातल्या बड्या शास्त्रज्ञांना या लशीची खात्री वाटेना. पटकीचे माहेरघर हिंदुस्थान, तिथेच तिची परीक्षा होणार होती. पूर्वी हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय असलेले आणि तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत असलेले लॉर्ड डफरिन यांच्या पाठिंब्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्याला आले.

पुढची अडीच वर्षे ते उत्तर हिंदुस्थानभर फिरले आणि सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली. कलकत्त्यातल्या काठालबागान वस्तीत १८९४ साली त्यांनी काही रहिवाशांना लस दिली, काहींनी घेतली नाही. नंतर तिथे पटकीचे जे रुग्ण निघाले ते सगळे न टोचलेल्यांतले होते. लस घेणारे आणि न घेणारे एकाच वस्तीत, एकच पाणी पिणारे असावेत आणि मग दोन्ही गटांची तुलना करावी, ही हाफकिन यांची पद्धत होती. आज ती साधी वाटते, त्या काळी ती नवी होती. या भटकंतीत त्यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ साली त्यांना युरोपात परतावे लागले. बरे होऊन ते पुढच्या वर्षी पुन्हा हिंदुस्थानात आले.

मुंबईतली एक खोली

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. काही आठवड्यांत शहर हादरले. लाखो माणसे गावाकडे पळाली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही निघाला. पुण्यात तो पोहोचला. तिथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घरात शिरून तपासणी करणाऱ्या सोल्जरांवरचा लोकांचा राग चाफेकर बंधूंच्या गोळीतून बाहेर पडला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. प्लेगने ती हद्दही पाळली नाही. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि शेतात झोपड्या टाकून राहायचे, ही रीत महाराष्ट्रातल्या गावांनी त्या वर्षांत शिकून घेतली.

सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक छोटी खोली मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे तर कोणालाच माहीत नव्हते. हाफकिन यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा काढून बाटल्यांत भरला. गोमांस त्यांनी मुद्दाम टाळले, कारण लस कोणाला टोचायची आहे हे ते विसरले नव्हते. रश्श्यावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू या तुपाला धरून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांसारखे खाली उतरत. हे सुळके दिसले की बाटलीत प्लेगचाच जंतू वाढतो आहे, दुसरा कोणता नाही, याची खूण पटे. काही आठवडे अशी वाढ झाली की बाटली सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारायचे. ही झाली लस.

पटकीच्या लशीसाठी त्यांनी जिवंत जंतू वापरले होते, इथे मेलेले. शिवाय जंतू गाळून टाकायचे नाहीत आणि ज्या रश्श्यात ते वाढले तो रस्साही टाकायचा नाही, असे त्यांनी ठरवले. जंतूंच्या देहामुळे रोग टळेल आणि रश्श्यात उतरलेल्या विषांची सवय झाल्याने मृत्यू टळेल, असा त्यांचा तर्क होता.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा पुढे इतरांना दिली त्यापेक्षा बरीच मोठी होती. कडक ताप आला, टोचलेली जागा सुजली, पण ते काम करत राहिले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांनाच झाला, दोघेही वाचले. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात हाफकिन यांनी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. एकच घर, एकच चूल, तेच उंदीर. साथ ओसरल्यावर मोजदाद झाली. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६ मेले होते, टोचलेल्या ७१ जणांपैकी तीन.

लशीबद्दल अफवा खूप होत्या आणि सरकारविषयी संशयही होता. हाफकिन यांनी सक्तीला विरोध केला. ज्याला पटेल त्याने घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला आणि मग हजारो खोजा मुसलमान पुढे आले. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

ताप का येत होता?

हाफकिन मुंबईत होते तेव्हाच, १८९७ साली, जर्मन शास्त्रज्ञांचे एक पथक प्लेगचा अभ्यास करायला मुंबईत आले. त्यात रिचर्ड फायफर होते. पटकीचे जंतू उष्णतेने मारले तरी त्यांच्या देहात एक विष शिल्लक राहते आणि ते गिनिपिगला मारू शकते, हे त्यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवले होते. या विषाला त्यांनी एंडोटॉक्सिन हे नाव दिले. हाफकिन यांच्या बाटलीतला जंतू मेला तरी ताप का येतो, याचे अर्धे उत्तर यात होते. उरलेले अर्धे मिळायला शंभर वर्षे लागली.

ते उत्तर असे. पटकी, विषमज्वर, डांग्या खोकला, प्लेग अशा अनेक रोगांच्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो. त्याचा एक भाग साखरेच्या साखळ्यांचा, दुसरा चरबीचा. चरबीचा भाग आवरणात रुतलेला असतो आणि तेच फायफर यांचे विष. जंतू मारण्याइतक्या उष्णतेने तो नष्ट होत नाही. माणसाच्या पेशींत असा रेणू कुठेच नसतो. म्हणून तो दिसला की जंतू शिरला असे समजायला शरीराला हरकत नाही. मेचनिकॉफ यांच्या भक्षक पेशींच्या अंगावर हा रेणू पकडणारे एक प्रथिन असते. त्याला टोल-सदृश ग्राही क्रमांक ४ म्हणतात. माणसात असे दहा टोल-सदृश ग्राही आहेत. कोणी जंतूच्या आवरणातली इतर चरबी-प्रथिने ओळखतो, कोणी जंतूच्या शेपटीचे प्रथिन, कोणी त्याचा डीएनए. हे ज्ञान आईच्या पोटातूनच मिळालेले असते, शिकावे लागत नाही.

अशी ओळख असली पाहिजे, असे अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली मांडले. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीतील टोल या जनुकाचे काम उघड झाले. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी एंडोटॉक्सिनला दाद न देणाऱ्या उंदरांत बिघडलेले जनुक शोधले, ते याच ग्राहीचे निघाले. या दोघांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ग्राहीला रेणू चिकटला की पेशी काही संदेशरसायने सोडते. ती रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात आणि शरीराचे तापमान वर नेले जाते. हाच लशीनंतरचा ताप. टोचलेल्या जागी रक्तवाहिन्या सैल होतात, आणखी पेशी धावून येतात, म्हणून सूज. त्याच वेळी काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या पेशींना ते दाखवतात. तुकड्यासोबत धोक्याचा इशारा असेल तरच त्या पेशी कामाला लागतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत प्रतिपिंडे तयार होतात. मारलेला जंतू हा इशारा स्वतःबरोबर घेऊनच येतो. हाफकिन यांच्या लशीत म्हणून वेगळे काही मिसळावे लागले नाही. आजच्या शुद्ध प्रथिनांच्या लशींत इशारा देणारे द्रव्य बाहेरून घालावे लागते.

बाळाला लशीनंतर येणारा सौम्य ताप याच इशाऱ्याचा भाग आहे आणि तो दोन-तीन दिवसांत जातो. ताप आला नाही म्हणून लस वाया गेली असेही नसते. आरोग्यसेविकेने सांगितले असेल तेवढे औषध द्यावे. ताप फार चढला, बाळ सुस्त झाले, दूध पिईना किंवा झटका आला तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्लेगच्या जंतूकडे या पहाऱ्याला चकवण्याची युक्ती आहे. पिसवाच्या पोटात, म्हणजे २५ अंशांच्या आसपास, तो आपल्या चरबीच्या रेणूला सहा शेपट्या लावतो. असा रेणू माणसाचा ग्राही चटकन ओळखतो. माणसाच्या अंगात, ३७ अंशांना, तो चारच शेपट्यांचा रेणू बनवतो, आणि हा रेणू ग्राहीला नीट पकडता येत नाही. पहारेकरी गाफील राहतात, जंतू गाठीत वाढत जातो आणि शरीर जागे होते तोवर उशीर झालेला असतो. २००६ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूत बदल करून त्याला ३७ अंशांनाही सहा शेपट्या लावायला भाग पाडले. तेव्हा त्याला उंदरांमध्ये प्लेग घडवता येईना. हाफकिन यांच्या बाटल्या शरीराइतक्या उबेत नव्हे, मुंबईच्या हवेत वाढत होत्या. तिथे वाढलेल्या जंतूच्या आवरणात ओळखू येणारा रेणू जास्त असणार, हे आज म्हणता येते. हाफकिन यांना यातले काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

मुलकोवालची बाटली

१९०२ साली पंजाबात प्लेग भडकला आणि लाखो मात्रांची मागणी आली. काम वेगाने व्हावे म्हणून परळच्या प्रयोगशाळेने पद्धत बदलली. लशीत कार्बोलिक ॲसिड घालणे थांबवून फक्त उष्णतेवर भर दिला. पाश्चर संस्थेतही तशीच रीत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते.

चौकशी झाली. बाटली परळलाच दूषित झाली, असा ठपका आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ते लंडनला गेले. पुढची काही वर्षे आपल्या बाजूचा पुरावा मांडण्यात गेली. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर ती उघडताच दुर्गंध यायला हवा होता, तो आला नव्हता. त्या दिवशी गावात बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली. त्याच वर्षअखेरीस ते दोषमुक्त ठरले.

पण गेलेली वर्षे परत आली नाहीत. त्यांना परळ मिळाले नाही. कलकत्त्याला नेमणूक झाली आणि माणसांवर लशीचे प्रयोग करायला मनाई राहिली. १९१४ साली ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नाही. शेवटची वर्षे ते धर्माच्या अभ्यासात रमले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले होते. तोवर मुंबईहून त्यांच्या प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या.

ती लस परिपूर्ण नव्हती. तिचे संरक्षण काही महिनेच टिके आणि फुप्फुसाच्या प्लेगपुढे ती कमी पडे. आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत आणि वेळेवर मिळाली तर रुग्ण वाचतो. १९९४ साली परभणीच्या शेजारी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी पुन्हा दिसल्या, तेव्हा औषधे हाताशी होती. उंदीर अचानक मरू लागले, माणसांना थंडी वाजून ताप आला आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर हे तिन्ही एकत्र दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायला हवे. मेलेल्या उंदराला हात लावू नये, कारण थंड पडलेल्या उंदराला सोडून त्याच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधत असतात.